स्टिअरिंग जड झाले, आणि वॉरंटी संपली होती!

ट्रॉम्बे हे नाव तुमच्या घरात नवे नाही. टीएजी-२४ हा भुईमूग तुम्ही पेरला असेल, तर त्याच्या नावातला ‘टी’ ट्रॉम्बेचा आणि ‘ए’ अकोल्याचा आहे. सुफला खताची गोणी ज्या कारखान्यामुळे माहीत झाली, तोही त्याच अंगाला, चेंबूर-ट्रॉम्बेकडचा. अणुभट्ट्या तिथे, तेलशुद्धीकरण तिथे, आणि या सगळ्याच्या पलीकडे खाडीला लागून जुना कोळीवाडाही तिथेच. आज मात्र मी बियाण्याविषयी किंवा खताविषयी लिहिणार नाही. माझा भाचा तिथे नोकरीला आहे, आणि त्याच्या गाडीच्या स्टिअरिंगने आम्हा सगळ्यांना तीन महिने कामाला लावले, त्याची ही हकीकत आहे. आता आपल्या गावागावांत चारचाकी आली आहे. कुणाकडे मोटार, कुणाकडे पिकअप, कुणाकडे ट्रॅक्टर. तेव्हा ही वेळ तुमच्यावरही येऊ शकते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझी बहीण पुरंदर तालुक्यात असते. दोन वर्षांच्या अंजिराचे पैसे तिने मुलाच्या हातात ठेवले, उरलेले कर्ज त्याने काढले, आणि गाडी घरात आली. गाडी हौसेची नव्हती. बहिणीला दर महिन्याला तपासणीसाठी मुंबईला यावे लागते आणि एसटीचा प्रवास तिला झेपत नाही, म्हणून घेतलेली. पहिली दोन वर्षे गाडीने काही त्रास दिला नाही, असे निदान आम्हाला वाटत होते. मग जून महिन्यात, पहिल्याच जोराच्या पावसात, मानखुर्दच्या सिग्नलला वळताना स्टिअरिंग एकदम दगडासारखे जड झाले. समोर एक दिवा लागला. स्टिअरिंगचे चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह. बहीण मागच्या सीटवर बसलेली. भाच्याने दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कशीबशी कडेला घेतली, बंद करून पुन्हा सुरू केली, तर दिवा गेलेला आणि स्टिअरिंग पूर्वीसारखे हलके.

दुसऱ्या दिवशी तो सर्व्हिस सेंटरला गेला. त्यांनी गाडीला संगणक लावला आणि सांगितले, की स्टिअरिंगचा सगळा कॉलम बदलावा लागेल, मजुरीसकट ४२ हजार. आणि वॉरंटी? ती ४७ दिवसांपूर्वी संपली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. “मामा, काय करू? आईला अजून सांगितलं नाही.”

मी म्हटले, “सांगू नकोस. आधी सगळे कागद काढ.”

कागदांकडे मी येतोच. पण त्याआधी आजाराचे निदान कसे करायचे ते पाहू. कारण आपल्याकडे होते काय, की माणूस घाबरून जातो आणि पहिला जो आकडा सांगेल त्याला पैसे देऊन मोकळा होतो.

जड आणि ढिले यांत फरक आहे

स्टिअरिंगच्या तक्रारी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक, ते जड होते. दुसरी, ते ढिले होते, म्हणजे हातातले चाक थोडे फिरवले तरी पुढची चाके वळत नाहीत, किंवा खड्ड्यातून जाताना खालून खट्‌खट् आवाज येतो. लोक पहिल्याला जास्त घाबरतात. खरे तर घाबरायचे दुसऱ्याला.

जुन्या गाड्यांना कसली मदत नसे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ड्रायव्हर दिवसभर नुसत्या दंडाच्या जोरावर ती वळवत असत. मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला कायमची गेली. आताच्या गाड्यांत आपल्या जोराला मदत करणारी यंत्रणा असते. काहींत ती तेलाच्या दाबावर चालते: इंजिनवर पट्टा, पट्ट्यावर पंप, पंपातून रबरी नळ्या. तेल कमी झाले, पट्टा सैल झाला किंवा नळी गळली, की वळवताना कण्हल्यासारखा आवाज येतो आणि चाक जड होते. पुष्कळ ट्रॅक्टरांतही हेच तत्त्व असते. नव्या छोट्या गाड्यांत मात्र बहुधा विजेची मोटर असते. १९८८ साली सुझुकीच्या जपानमधल्या सेर्व्हो या छोट्या गाडीत अशी मोटर पहिल्यांदा आली, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत तीच आहे.

ही मोटर बंद पडली तरी चाक आणि टायर यांना जोडणारा लोखंडी दांडा जागेवरच असतो. म्हणून गाडी वळते, फक्त जोर लागतो. अशा वेळी वेग कमी करा, दोन्ही हातांनी चाक धरा आणि कडेला घ्या. चालत्या गाडीत किल्ली मात्र कधीही बंद करू नका. इंजिन बंद झाले की ब्रेकची मदतही जाते, आणि किल्ली पार मागे फिरली तर स्टिअरिंगला कुलूपच लागते. भाच्याने बंद-चालू केले ते गाडी पूर्ण थांबल्यावर, हे त्याचे नशीब म्हणा की शहाणपण.

ढिलेपणाची गोष्ट वेगळी. तिथे तो जोडणारा दांडाच झिजलेला किंवा तुटायला आलेला असू शकतो. टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट, खालचे कपलिंग, यांपैकी काहीही. घरच्या घरी एवढे पाहता येते: गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक लावा, पुढचे चाक जॅकवर उचला. टायर डावी-उजवीकडून धरून हलवा. तसे हलताना खटका लागला तर बहुधा टाय रॉड. वर-खाली धरून हलवताना खटका लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, एवढे कृपा करून ध्यानात ठेवा. आणि खटका सापडला, की गाडी चालवत गॅरेजला नेण्यापेक्षा ओढून न्या. ओढून नेण्याचे पैसे वाचवणाऱ्या माणसाला मी हुशार म्हणत नाही.

विजेवरच्या स्टिअरिंगचा दिवा लागला, तर महागड्या दुरुस्तीच्या आधी स्वस्त गोष्टी तपासून घ्या. बॅटरीचा दाब बंद गाडीत साधारण साडेबारा व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असावा. बॅटरी थकलेली असली की सर्वांत आधी तक्रार करते ती ही मोटर, कारण तिला एकदम पुष्कळ करंट लागतो. मग फ्यूज, आणि मग बॅटरीची अर्थिंगची वायर. ट्रॉम्बेसारख्या ठिकाणी खाडीची खारी हवा असते, लोखंडाला गंज लवकर चढतो. आपल्या गावात खारी हवा नसली तरी गाडी गोठ्याशेजारी उभी असते आणि कडब्याच्या गंजीतले उंदीर वायरी कुरतडतात. परिणाम एकच.

चेंबूरच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे भाचा गेला. त्याने अर्थिंगची वायर सोडवली, तर जोडावर हिरवा-पांढरा मुरूम जमलेला. घासून, ग्रीस लावून बसवली आणि ३०० रुपये घेतले. दिवा गेला. भाच्याने आनंदाने फोन केला, मीही चार लोकांना सांगितले की बघा, ४२ हजारांचे काम ३०० रुपयांत. अकराव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. म्हणजे गंज हे कारण नव्हते, किंवा एकटे नव्हते. सर्व्हिस सेंटर लबाडच असते असे मी मनात धरून बसलो होतो, तो माझा उतावळेपणा. त्या कॉलममध्ये खरोखरच दोष होता. आपण चाकावर किती जोर लावतो हे मोजणारा जो भाग असतो, तो अधूनमधून चुकीचे सांगत होता. पण वायर तपासण्याचे ३०० रुपये वाया गेले असे मी अजूनही म्हणणार नाही.

वॉरंटीच्या बाहेर म्हणजे नेमके कशाच्या बाहेर?

आता कागद. वॉरंटी ही दोन-तीन वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर असते. तीतही सगळे धरलेले नसते. रबरी बूट, बुश, अलाइनमेंट, टायर हे झिजणारे म्हणून बहुधा बाहेर. उंदराने कुरतडलेली वायर बाहेर. बाजारातून मोठे टायर बसवले, हॉर्न-दिव्यांसाठी वायर कापून जोड दिले, तर तेही कारण पुढे केले जाते. गाडी दारात आली की पुस्तिका कपाटात जाते आणि तिथेच राहते, ही आपली रीत. मी स्वतः माझ्या गाडीची पुस्तिका या प्रकरणानंतर पहिल्यांदा उघडली.

पण ‘वॉरंटी संपली’ या दोन शब्दांनी सगळे दरवाजे बंद होत नाहीत.

पहिला दरवाजा रिकॉलचा. कंपनीलाच आपला एखादा भाग सदोष आढळला तर ती गाड्या परत बोलावते आणि तो भाग फुकट बदलून देते. तिथे वॉरंटीची मुदत पाहिली जात नाही. जुलै २०२३ मध्ये मारुतीने एस-प्रेसो आणि इको मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या, त्या स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठीच. तो भाग क्वचित तुटू शकेल, अशी शंका होती. इको तर आपल्या खेड्यापाड्यांत शाळेच्या मुलांपासून दुधाच्या कॅनपर्यंत सगळे वाहते. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये ऑल्टो के-१० च्या २,५५५ गाड्या स्टिअरिंगच्या गिअरबॉक्ससाठी बोलावल्या, आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असेही कळवले. त्याआधी २०१३ मध्ये फोर्डने फिगो आणि क्लासिक अशा १,६६,०२१ गाड्या बोलावल्या होत्या, त्यात पॉवर स्टिअरिंगची नळी हे एक कारण होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारही कंपनीला असा हुकूम देऊ शकते. म्हणून गाडीचा चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर विचारा, की माझी गाडी कुठल्या रिकॉलमध्ये येते का. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर आवर्जून विचारावे, कारण कंपनीचे पत्र गेलेले असते ते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. भाच्याने विचारले. त्याची गाडी कुठल्या रिकॉलमध्ये नव्हती.

दुसरा दरवाजा विम्याचा. नेहमीच्या पॉलिसीत आपोआप झालेला यांत्रिक किंवा विजेचा बिघाड धरलेला नसतो. पण गाडी खड्ड्यात आदळून टाय रॉड वाकला किंवा पुराचे पाणी आत शिरून मोटर गेली, तर तो अपघात ठरू शकतो. अशा वेळी दुरुस्तीला हात लावण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरला पाहू द्या. आधी दुरुस्ती आणि मग दावा, असे केलेत तर हात चोळत बसावे लागेल. भाच्याच्या गाडीला यातलेही काही झाले नव्हते.

तिसरा दरवाजा आम्हाला सापडला तो प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या पिशवीत त्याने सर्व्हिसिंगचे सगळे कागद कोंबून ठेवले होते. त्यात सहा महिन्यांपूर्वीचे, म्हणजे वॉरंटी चालू असतानाचे, एक जॉब कार्ड निघाले. त्यावर ग्राहकाची तक्रार या रकान्यात लिहिले होते: ‘स्टिअरिंग कधीकधी जड’. आणि खाली शेरा: ‘तपासले, ठीक आहे’. भाचा स्वतः हे विसरून गेला होता!

या एका ओळीने सगळे बदलले. दोष मुदतीत दिसला, मुदतीत सांगितला, आणि तो काढला गेला नाही, तर मुदत संपली एवढ्याने ती तक्रार मरत नाही, असे म्हणायला आता आधार होता. म्हणून सांगतो, गाडी सर्व्हिसिंगला देताना तोंडी बोलून निघून येऊ नका. “साहेब, जरा स्टिअरिंग बघा” हे हवेत विरून जाते. कार्डावर लिहून घ्या, काय लिहिले ते वाचा, आणि प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका. दवाखान्याचा केसपेपर जपतो तसे हे कागद जपा.

भाच्याने एक पानी पत्र लिहिले. राग नाही, धमकी नाही. गाडीचा नंबर, चॅसी नंबर, खरेदीची तारीख, जॉब कार्डाची तारीख, मानखुर्दला काय झाले, आणि काय हवे. जॉब कार्डाची प्रत जोडून ते सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला रजिस्टर पोस्टाने आणि ई-मेलने पाठवले. शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. हा फोन मराठीतूनही करता येतो.

कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. पण ग्राहक आयोग हे नेहमीच्या कोर्टासारखे नाही. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्याही आधी १९७४-७५ मध्ये पुण्या-मुंबईत ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले होते, ही आपल्या महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट. आता २०१९ चा नवा कायदा आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लागतोच असे नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. ट्रॉम्बेत राहणाऱ्याने वांद्र्याला उपनगर जिल्ह्याच्या आयोगाकडे जावे, पुरंदरच्या माणसाने पुण्याला. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवे.

शेतकरी ग्राहक आहे का, हा प्रश्नही एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. खराब बियाण्याच्या प्रकरणात २०१२ साली न्यायालयाने निकाल दिला, की शेतकरी हा ग्राहकच आहे. त्या खटल्यात बियाणे महामंडळाचे म्हणणे होते की शेतकऱ्याने बी तपासणीला पाठवले नाही. पण ज्याने सगळे बी पेरून टाकले त्याने नमुना आणायचा कुठून? पिकअप घेऊन स्वतः भाडी मारून पोट भरणारा माणूसही ग्राहकच धरला जातो. दहा गाड्या घेऊन धंदा करणाऱ्याचे तसे नाही.

बियाण्याचा नमुना हाती उरत नाही, पण गाडीचा जुना भाग उरतो. म्हणून भाग बदलताना काढलेला जुना भाग मागून घ्या. फुकट बदलून दिला तर तो कंपनी ठेवून घेते, पण पैसे तुम्ही दिले असतील तर तो तुमचा आहे. दोष कारखान्यातला की वापरातला, हे तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो.

फार मोठी आशाही धरू नका. एका भागासाठी अख्खी गाडी बदलून मिळावी असे पुष्कळांना वाटते. २००६ साली क्लचच्या दोषाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचे वचन आहे, गाडी बदलण्याचे नाही. आणि तक्रार करताना विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही घ्या, पण कुणाची काय चूक ते वेगवेगळे लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २००९ ची गाडी २०११ ची म्हणून विकली गेली होती. त्याचा निकाल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला, तेव्हा विक्रेत्याच्या लबाडीत कंपनीचा हात होता हे सिद्ध न झाल्यामुळे कंपनी सुटली.

भाच्यावर आयोगाकडे जायची वेळ आली नाही. पाचव्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. जॉब कार्डाविषयी त्यांनी बरेच प्रश्न विचारले, आणि मग भागाच्या किमतीचे ७० टक्के आम्ही देऊ, बाकी आणि मजुरी तुम्ही द्या, असे सांगितले. कायद्याने बांधील नाही, सद्‌भावनेने देतो, असा शब्दप्रयोग होता. मी म्हटले, अडून बस, सगळे घे. बहिणीला तोवर कळले होते. ती म्हणाली, “तुम्ही मामा-भाचे भांडत बसा, माझी तपासणीची तारीख बुधवारी आहे.” त्याने मान्य केले. चुकलाच असे मला म्हणता येत नाही. पदरचे साधारण १५ हजार गेले. अंजिराच्या कितीतरी पेट्यांचे ते पैसे, हे बहिणीने लगेच मोजून सांगितले.

किमतीतला आपलाही वाटा आहे असे सांगून त्याने जुना कॉलम मागून घेतला. आधी ते देईनात, मग दिला. तो गोणपाटात गुंडाळून ट्रॉम्बेच्या खोलीत खाटेखाली ठेवलेला आहे. बहीण आली की म्हणते, भंगारात घाल, पायाला लागतो. भाचा म्हणतो, दोन वर्षे पुरी होऊ दे, मग घालतो.